कल्हईवाल्याचा नवसागर आणि अडलेली आंबवण

१/२५
कोल्हापूरच्या दैनिकांत एक बातमी वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत छापली जाते. हातभट्टीवर छापा पडतो. काळा गूळ, नवसागर आणि पिंपांत भरलेले ‘कच्चे रसायन’ सापडते. रसायन जागीच ओतून नष्ट केले जाते. गूळ कशासाठी, हे कोणालाही समजते. नवसागर मात्र खटकतो. तो तर कल्हईवाल्याच्या पेटीतला पदार्थ. तापलेल्या पातेल्यावर त्याची चिमूट पडली की पांढरा धूर उठतो आणि कथील भांड्याला धरते. दारूच्या पिंपात त्याचे काय काम?

२/२५
या प्रश्नाचे उत्तर शोधताना कौटिल्याच्या सुराध्यक्षापासून फ्रान्समधील लिल शहरातल्या एका बिघडलेल्या कारखान्यापर्यंत जावे लागते. कारण नवसागर हे एका फार जुन्या दुखण्यावरचे औषध आहे. ते दुखणे म्हणजे अडलेली आंबवण. साखर शिल्लक आहे, भांडे स्वच्छ आहे, दोन दिवस फेसही आला होता. आणि तिसऱ्या दिवशी सारे शांत. आजचा धागा या शांततेच्या इतिहासाविषयी, आणि त्या शांततेची किंमत कोणी चुकवली याविषयी.

३/२५
प्रथम थोडे शास्त्र. यीस्ट हा एकपेशीय सजीव साखर खातो, अल्कोहोल तयार करतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. बिअरमध्ये ही साखर मोड आलेल्या जवातून येते. मोडांमुळे जवात विकरे जागी होतात आणि गरम पाण्यात ती पिठाची साखर करतात. हा गोड काढा निववून त्यात यीस्ट घातले की काही तासांत फेस धरतो. घरी बिअर करणाऱ्याचा सारा जीव त्या फेसात अडकलेला असतो. फेस लवकर बसला की त्याच्यासमोर एकच प्रश्न उभा राहतो: काम संपले, की कामगार थकले?

४/२५
कामगार थकण्याची कारणे मोजकीच आहेत. यीस्ट मुळातच कमी किंवा म्हातारे असेल. थंडीने ते तळाशी बसले असेल, अथवा उष्णतेने खचले असेल. आरंभी वाढीसाठी लागणारा प्राणवायू मिळाला नसेल. साखर इतकी दाट असेल, की पेशीतलेच पाणी बाहेर ओढले जाईल. तयार झालेले अल्कोहोलच त्याला सोसत नसेल. किंवा साखर भरपूर, पण नायट्रोजन नाही, अशी उपासमार असेल. या यादीतील शेवटचे कारण वाचकांनी लक्षात ठेवावे. नवसागराचा धागा तिथे जुळतो.

५/२५
कोल्हापूरला आंबण्याची ओळख प्रथम शत्रू म्हणून आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. या व्यापाराच्या मुळाशी जे गुऱ्हाळ असते, त्याची सारी घाई आंबण्याविरुद्धची असते. ऊस तुटला की घाण्याला लवकर लागला पाहिजे, रस निघाला की काहिलीत लवकर पडला पाहिजे. रस तसाच राहिला तर काही तासांत आंबूस होतो, आणि अशा रसाचा रवा नीट धरत नाही. चुलवण पेटते राहते ते पाणी आटवण्यासाठी. पण त्याच आचेत रसातले अदृश्य जीवही मरतात.

६/२५
रस आटून काकवी झाली, काकवी आटून गूळ झाला, की धोका टळतो. गुळात साखर इतकी दाट असते की यीस्टला तिथे जगताच येत नाही. म्हणून गुळाची ढेप महिनोन् महिने टिकते. तोच गूळ पुन्हा पाण्यात विरघळवला की दार उघडते. म्हणजे शाहूपुरीच्या पेठेतली प्रत्येक ढेप ही एका अर्थी थांबवून ठेवलेली आंबवण आहे. तिला पुन्हा चालू कसे करायचे आणि मध्येच थांबली तर काय करायचे, हा प्रश्न भारतीय ग्रंथांत फार पूर्वी आला आहे.

७/२५
वैदिक सौत्रामणी यागात सुरा लागे. तिच्या साहित्यात मोड आलेले धान्य आहे, लाह्या आहेत आणि ‘नग्नहु’ नावाचे वनस्पतीमिश्रित विरजणही आहे. सुरा तीन रात्री मुरू देत. आजच्या बिअरशी हे नाते दूरचे नाही, कारण मोड आलेले धान्य आणि विरजण हे दोन्ही घटक इथे स्वतंत्रपणे सांगितलेले आहेत. आंबवण आपोआप होत नाही, तिला कोणीतरी चालना द्यावी लागते, ही जाणीव त्या यादीतच आहे.

८/२५
इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजचे रूप घेतलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात ही जाणीव मोजमापापर्यंत पोचते. सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘किण्व’ करण्याची कृती आहे. उडदाचा लगदा, कच्चा किंवा शिजवलेला. त्याच्या एक-तृतीयांश अधिक तांदूळ. आणि मोरट आदी वनस्पती कर्षाच्या मापाने. उडीद आणि तांदूळ! इडलीचे पीठ भिजवणाऱ्या कोणालाही ही जोडी ओळखीची वाटेल. ‘किण्वन’ हा आजच्या पाठ्यपुस्तकातला शब्द याच किण्वावरून आलेला आहे.

९/२५
आता प्रमाणे पाहावीत. ‘मेदक’ या पेयासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. एका आढकाचे चार प्रस्थ होतात. म्हणजे तांदूळ दोन प्रस्थ आणि विरजण तीन! याउलट ‘प्रसन्ना’साठी बारा आढक, म्हणजे अठ्ठेचाळीस प्रस्थ पीठ आणि पाच प्रस्थ किण्व. पेयागणिक विरजणाचे प्रमाण बदलते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. अडलेल्या आंबवणीवरचा पहिला उपाय, म्हणजे मुळातच पुरेसे आणि जोमदार विरजण घालणे, इथे मापासह नोंदलेला आहे.

१०/२५
तुलनेसाठी युरोप पाहावा. बव्हेरियाचा १५१६ चा प्रसिद्ध बिअर-कायदा जव, हॉप आणि पाणी एवढ्याच घटकांची नावे घेतो. यीस्टचे नाव त्यात नाही. याचा अर्थ तिथल्या लोकांना विरजण माहीत नव्हते असा नाही. आधीच्या पिंपातला साका पुढच्या पिंपात घालण्याची रीत होतीच. नॉर्वेच्या खेड्यांत यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून ठेवत. झारखंड-ओडिशाकडे हंडियासाठी ‘राणू’च्या गोळ्या आजही वापरतात. ज्ञान हातांत होते. कायद्याच्या कागदावर ते आले नाही, इतकेच.

११/२५
भारतात तर हे विरजण तत्त्वज्ञानाच्या वादातही उतरले. चार्वाकमताचा एक सुप्रसिद्ध दृष्टान्त असा, की किण्वादी द्रव्यांत वेगवेगळी असताना मादकता नसते, ती एकत्र आली की उपजते. तसेच पंचमहाभूतांपैकी चार एकत्र आली की चैतन्य उपजते. आत्मा वेगळा मानण्याचे कारण नाही. चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहात हे मत मांडलेले सापडते. माठात नेमके काय घडते हे कोणालाच दिसत नव्हते. पण तिथे काहीतरी नवे जन्मते, हे सर्वांना मान्य होते. म्हणून तर तो दृष्टान्त होऊ शकला.

१२/२५
अर्थशास्त्रातील सुराव्यवहार राज्याच्या हाती आहे, तरी त्याला दोन फटी ठेवलेल्या आहेत. गृहस्थांना विशेष प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करता येते. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक मिळते. शिवाय सुरा आणि किण्व यांसाठी लागणारी सामग्री गोळा करण्याचे काम स्त्रिया आणि मुले यांना दिलेले आहे. खाते पुरुष अध्यक्षाचे. पण विरजणाशी रोजचा संबंध असणारे हात वेगळेच. ग्रंथात त्यांची नावे नाहीत, त्यांचे काम आहे.

१३/२५
याच प्रकरणात एक तरतूद अशी आहे की ती वाचून थांबावे लागते. सुरा बिघडली तर तिचे काय करायचे? चांगल्या मालाच्या जागी ती विकायची नाही. ती दासांना आणि मजुरांना वेतन म्हणून द्यावी. किंवा ओझ्याच्या जनावरांना पाजावी, अथवा डुकरांना घालावी. फसलेला माठ हा प्रशासनाला माहीत असलेला, अपेक्षित असलेला प्रसंग होता. आणि त्याचे नुकसान कोणाच्या घशात उतरवायचे, हेही ठरलेले होते. मजुराच्या शेजारी ग्रंथकाराने कोणाला बसवले आहे, तेही पाहण्यासारखे आहे.

१४/२५
दुसरी परंपरा वैद्यांची. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धान्य, फळ, मूळ, फूल, साल, साखर अशा नऊ उगमांपासून होणारी ८४ आसवे मोजलेली आहेत. पुढे शार्ङ्गधराने, जिथे प्रमाण सांगितलेले नसेल तिथे वापरायचे सर्वसाधारण प्रमाण दिले: एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दशमांश औषधी चूर्ण. इतक्या गोड द्रवात आंबवण अडण्याचा धोका मोठा असतो. वैद्यांनी त्यावर जे उपाय योजले, त्यांतला एक कोल्हापूरच्या डोंगरांवर दर वर्षी फुलतो.

१५/२५
तो उपाय म्हणजे धायटी; संस्कृतात धातकी. सह्याद्रीच्या उतारांवर, राधानगरीच्या बाजूला, हिवाळा सरताना हे झुडूप तांबड्या फुलांनी भरून जाते. कित्येक आसव-अरिष्टांच्या पाठात ही वाळलेली फुले असतात. औषधी गुणाखेरीज त्यांचे मुख्य काम आंबवण सुरू करणे आणि चालू ठेवणे. आधुनिक तपासणीत या फुलांवर यीस्ट आढळले, आणि साखर फोडणाऱ्या विकरांशीही त्यांचा संबंध दिसला. वैद्याला पेशी दिसत नव्हती. फूल घातले की माठ बोलतो आणि विसरले की गप्प राहतो, एवढा अनुभव त्याला पुरेसा होता.

१६/२५
‘बोलतो’ हा शब्द इथे अलंकार नाही. आसव तयार झाले की नाही हे पाहण्याची वैद्यांची एक खूण म्हणजे भांड्याला कान लावणे. आत सूक्ष्म फसफस ऐकू आली तर काम चालू आहे. दुसरी खूण जळती काडी तोंडाशी नेण्याची. वायू निघत असेल तर ती विझते, काम संपले असेल तर जळत राहते. तिसरी, तरंगणारे औषधी चूर्ण तळाशी बसते. परंतु या तिन्ही खुणांना एक मर्यादा आहे. आंबवण पूर्ण झाली तरी त्या दिसतात, आणि मध्येच अडली तरीही दिसतात. अशा वेळी शेवटचा निवाडा जिभेचा. द्रव अजून गुळचट लागतो का?

१७/२५
थंडीवरचा उपायही परंपरेत आहे. आसवाचे भांडे आतून तुपाने माखून, धुरी देऊन, तोंड बंद करून धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरत. धान्याची रास उष्णता धरून ठेवते. दिवसाची झळ आणि रात्रीचा गारठा आतपर्यंत पोचू देत नाही. कोल्हापुरात थंडीच्या दिवसांत आंबोळीचे पीठ घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवणारी आजी हेच करत असते. तिला तापमापक लागत नाही. बिअर करणारा आज भांड्याभोवती जाड कापड गुंडाळतो आणि ते १८ ते २२ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो, तोही याच राशीचा वारस.

१८/२५
‘संपली’ आणि ‘अडली’ यांतला फरक मापाने सांगण्याची सोय युरोपात अठराव्या शतकात झाली. इंग्लंडमधील जॉन रिचर्डसन याने १७८४ मध्ये बिअर करणाऱ्यांसाठी शर्करामापकाचा पुरस्कार केला. द्रवात साखर जास्त तितकी नळी वर तरंगते. काढ्याची घनता समजा १.०५० असेल आणि ती १.०१२ वर येऊन स्थिरावली, तर काम संपले. ती १.०२५ लाच दिवसचे दिवस थांबली, तर बहुधा अडले. बहुधा म्हणण्याचे कारण असे, की जव फार गरम पाण्यात भिजवले असतील तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते. मग दोष यीस्टचा नसतो; जे खाण्यासारखे होते ते त्याने खाल्लेले असते.

१९/२५
माप आले, पण कारण अजून अंधारात होते. १८३७ च्या सुमारास कान्यार-लातूर, श्वान आणि क्युट्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले, की यीस्ट सजीव आहे. रसायनशास्त्रातले दिग्गज यावर हसले. १८३९ मध्ये लिबिग आणि व्होलर यांच्या नियतकालिकात एक निनावी विडंबन छापले गेले. त्यात यीस्ट म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या आकाराचे इवलेसे प्राणी होते, जे साखर खातात आणि शरीराच्या एका द्वारातून अल्कोहोल, दुसऱ्यातून वायू सोडतात. थट्टा म्हणून लिहिलेले हे वर्णन, शरीररचना वगळता, सत्याच्या बरेच जवळ होते.

२०/२५
निर्णायक वळण एका बिघडलेल्या कारखान्याने दिले. १८५६ मध्ये लिलमधील बीगो नावाच्या कारखानदाराची बीटरसाची पिंपे फसू लागली. अल्कोहोलऐवजी आंबट द्रव मिळे. तो तिथल्या तरुण प्राध्यापकाकडे गेला. प्राध्यापकाचे नाव लुई पाश्चर. चांगल्या पिंपातल्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशी दिसत. बिघडलेल्या पिंपात लांबट. पुढच्याच वर्षी पाश्चरने दुग्धाम्ल किण्वनावरचा निबंध वाचला. सूक्ष्मजीवशास्त्राच्या जन्मकथेत प्रतिभेइतकाच वाटा बीगोच्या नासक्या पिंपांचा आहे. चाललेल्या पिंपाने कोणाला सूक्ष्मदर्शकापाशी नेले नसते.

२१/२५
आता नवसागर. १८६० च्या निबंधात पाश्चरने एक प्रयोग नोंदवला. पाण्यात शुद्ध खडीसाखर, यीस्टची राख आणि अमोनियाचा एक क्षार घालून त्यात चिमूटभर यीस्ट सोडले. यीस्ट वाढले, साखर आंबली. यीस्टला लागणारा नायट्रोजन साध्या अमोनियाच्या क्षारातून मिळू शकतो, हे त्यातून दिसले. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तोही अमोनियाचाच क्षार. जवाच्या काढ्यात नायट्रोजन पुरेसा असतो, म्हणून निव्वळ जवाची बिअर या कारणाने सहसा अडत नाही. गुळाच्या पाण्यात तो अपुरा असतो. पाश्चरच्या चंबूत आणि हातभट्टीच्या पिंपात एकच भूक भागवली जात होती. अर्थशास्त्रातला प्रथिनयुक्त उडीदही या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा ठरतो.

२२/२५
पुढची पावले झपाट्याची. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. १८९७ मध्ये बुखनरने दाखवले, की यीस्ट चिरडून काढलेला पेशीविरहित रसही साखर आंबवतो. पण तो रस लवकरच मंदावे. लंडनच्या लिस्टर संस्थेत आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी १९०४ ते १९०६ दरम्यान त्यात फॉस्फेट घातले आणि मंदावलेली क्रिया पुन्हा उसळली. या मंदीचा पाठपुरावा करताना पेशी साखरेतून ऊर्जा कशी काढते याचा मार्ग उलगडू लागला. हार्डनला १९२९ चे नोबेल विभागून मिळाले. आज बिअर करणारे यीस्टचे खाद्य म्हणून जी भुकटी वापरतात तिच्यात बहुधा अमोनियम फॉस्फेट असते. पाश्चर आणि हार्डन, दोघेही त्या चिमटीत आहेत.

२३/२५
मग एकच क्षारविद्या एकीकडे प्रयोगशाळेत आणि दुसरीकडे पोलिसांच्या पंचनाम्यात का? याचे उत्तर कायद्यात आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे सरकारी परवान्याच्या चौकटीत आणले. १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहफुलांवरही निर्बंध आले. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही नव्या नावाने लागू आहे. परवान्याविना घरी बिअर करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोलयुक्त औषधांवरील बंदीच्या तरतुदी अवैध ठरवल्या. आसवाला वाट मिळाली, घरच्या माठाला नाही. ब्रिटनने १९६३ मध्ये आणि अमेरिकेने १९७८ मध्ये घरगुती बिअरला मोकळीक दिली. तिथे अडलेल्या किण्वनावर उघडपणे पुस्तके लिहिली जातात.

२४/२५
जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या प्रकल्पांना मराठीत ‘आसवनी’ म्हणतात. चरकाच्या आसवाचा तो शब्द आज मळीपासून इथेनॉल करणाऱ्या टाक्यांवर लिहिलेला दिसतो. तिथेही मळी पातळ करावी लागते, टाक्या थंड ठेवाव्या लागतात, नायट्रोजन पुरवावा लागतो. टाकी अडली तर नोंद होते आणि तज्ज्ञ येतो. अंधारातल्या पिंपापाशी तज्ज्ञ नसतो, घाई असते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ते मिथेनॉल गूळ आंबून आलेले नव्हते. उद्योगांत वापरले जाणारे रसायन दारू म्हणून विकले गेले होते. आंबवणीची वाट पाहण्याचीही तिथे गरज उरली नव्हती. मेले ते रोजंदारीवर जगणारे. बिघडलेली सुरा मजुराला द्यावी, ही जुनी तरतूद इथे आठवल्यावाचून राहत नाही.

२५/२५
घरगुती बिअर जिथे कायदेशीर आहे तिथले अनुभवी लोक अडलेल्या भांड्यापाशी एक क्रम पाळतात. आधी घनता मोजायची, बुडबुड्यांवर विसंबायचे नाही. मग ऊब द्यायची. मग तळाचे यीस्ट हलक्या हाताने ढवळायचे, हवा न घालता. तरीही हालचाल नसेल, तर वेगळ्या भांड्यात जोमदार केलेले ताजे विरजण घालायचे. आणि खात्री होईपर्यंत बाटल्या भरायच्या नाहीत, कारण अडलेली आंबवण बंद बाटलीत पुन्हा जागी झाली तर काच फुटते. मापलेले किण्व, धान्याची रास, धायटीचे फूल, भांड्याला लावलेला कान: या क्रमातले बहुतेक सारे कोणीतरी आधीच करून पाहिलेले आहे. पुढच्या वेळी छाप्याच्या बातमीत ‘नवसागर’ दिसला, तर तो शब्द ओलांडून जाऊ नये. आणि घरात, गावात विरजण, आंबोळी, आसव यांविषयी कोणाकडे काही रीत अजून शिल्लक असेल, तर ती विचारून लिहून ठेवावी. त्या रिती जपणाऱ्या बायांची नावे अर्थशास्त्राने लिहिली नाहीत. ती आता तरी लिहिता येतील.